कातड्याएवढ्या जमिनीवरची राजधानी

जव्हारला एका दिवसात जाऊन यायचे तर पालघरहून सकाळची लवकरची एसटी धरावी. अंतर साधारण पंचाहत्तर किलोमीटर. वाटेत मासवण, मनोर, मस्तान नाका, विक्रमगड अशी गावे लागतात. बोईसर-तारापूरकडच्यांनी चिल्हार फाट्यावरून महामार्ग गाठावा, नाहीतर चारोटी-कासामार्गे वर चढावे. माझा सल्ला विचाराल तर जाताना विक्रमगडची वाट घ्यावी आणि उतरताना कासा-चारोटीची. असे केले की डोंगराच्या दोन्ही अंगांची ओळख होते.

जुन्या ठाणे जिल्ह्याचे वर्णन 'सागरी, नागरी, डोंगरी' अशा तीन शब्दांत करायचे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा हे तिन्ही गुण त्याच्या वाट्याला आले. या प्रवासात ते ओळीने भेटतात. समुद्राच्या काठाने खाजणे, वाड्या आणि तारापूर, माहीम, केळवे इथले पोर्तुगीज काळाचे कोट. मग रेल्वेमार्ग, औद्योगिक वसाहत, अणुवीज केंद्राकडे जाणाऱ्या तारा. पुढे काळदुर्ग, आशेरी, कोहोज असे गड वागवणारे सुटे डोंगर. त्यांच्या मागे जमीन एकदम उचलली जाते आणि साडेचारशे मीटरच्या आसपास एक पठार लागते. त्या पठारावर जव्हार वसले आहे. चौदाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे सहाशे वर्षांहून अधिक काळ, ही एका आदिवासी घराण्याची राजधानी होती. दिल्लीचे सुलतान, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मोगल, मराठे, इंग्रज या सगळ्यांचे राज्य या परिसरावरून येऊन गेले. मुकणे घराण्याची गादी मात्र १९४८ पर्यंत टिकली. महाराष्ट्राच्या इतिहासात याला जोड सापडणे कठीण आहे, आणि तरी शाळेच्या पुस्तकातून जव्हारचे नाव क्वचितच कानावर येते.

डोंगरावरचे जुने शहर म्हटले की आपण आधी तटबंदी शोधतो. पन्हाळ्याला ती आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासूनचा तो गड आजही तटाच्या आत नांदते गाव सांभाळून आहे. जव्हारला मात्र तसा तट नाही, बुरूज नाही, महादरवाजा नाही. एसटी स्टँडवर उतरलेला माणूस विचारतो, किल्ला कुठे आहे? किल्ले आहेत, पण ते गावाभोवती दूरदूर पसरलेले. झाप गावाजवळचा भूपतगड, पश्चिमेला गंभीरगड, दक्षिणेला वाड्याकडचा कोहोज. राजधानीचे रक्षण करायला पठाराच्या तुटलेल्या कडा होत्या, त्यांच्या पायाशी दाट साग-बांबूचे रान होते, आणि पावसाळ्यात नद्या होत्या. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वर यायला वाटच उरत नसे. दगड घडवून भिंत उभारण्याची गरज त्या काळी कुणाला पडली नसावी.

जव्हारच्या स्थापनेची कथा गावात अजून सांगितली जाते. जयबा मुकणे हा महादेव कोळ्यांचा नायक. थळ घाटाजवळच्या मुकणे गावी त्याची लहानशी गढी होती. पिंपरी येथे साधूंनी त्याला राजा होशील असा आशीर्वाद दिला. तो माणसे जमवून उत्तरेला पेठ, धरमपूरकडे गेला, पुढे काही वर्षे काठेवाडात राहिला आणि परत आला. जव्हारचा डोंगर तेव्हा एका वारली नायकाच्या ताब्यात होता. जयबाने त्याच्याकडे मागणी केली ती एवढीच, की एका बैलाच्या कातड्यात मावेल तेवढी जागा मला दे. नायक हो म्हणाला. जयबाने कातडे कापून त्याच्या दोऱ्यासारख्या बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडल्या आणि त्या वादीने अख्खा डोंगर वेढून टाकला. शब्द दिलेला होता, तो पाळावा लागला. वारली नायकाला गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख देण्यात आला.

ही गोष्ट जगात दुसरीकडेही भेटते. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज वसवणारी राणी दिदो हिने स्थानिक राजाकडून अशाच रीतीने बैलाच्या कातड्याएवढी जमीन मिळवली, असे प्राचीन रोमन लोक सांगत. व्हर्जिलच्या महाकाव्यात तिचा उल्लेख आहे. ती कथा जव्हारपर्यंत कोणत्या गलबतातून आली, की इथेच स्वतंत्रपणे जन्मली, याचा शोध घेण्यात मला फारसा रस नाही. जव्हारकरांनी या कथेत जे जपले ते मला मोलाचे वाटते. जिंकणाऱ्या घराण्याने आपल्या स्वतःच्या कथेत कबूल केले आहे, की आमच्या आधी हा डोंगर वारल्यांचा होता. आणि हेही, की त्यांना हाकलून न देता बदल्यात गंभीरगड दिला. राजघराण्यांच्या उत्पत्तिकथांमधून आधीचे मालक सहसा राक्षस म्हणून येतात किंवा मुळीच येत नाहीत. इथे तो नायक माणूस म्हणून येतो, शब्दाला जागतो आणि वाटा घेऊन जातो. आज जव्हार तालुक्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांची गावे शेजारी शेजारी आहेत, आणि त्या शेजाराचा पहिला करार याच कथेत नोंदवला गेला आहे असे मी मानतो.

जयबाच्या मुलाच्या काळात कथा संपते आणि तारीख हाती लागते. दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद तुघलक होता. त्याने जयबाच्या मुलाला निमशहा हा किताब देऊन राजा म्हणून मान्यता दिली, ती ५ जून १३४३ रोजी. राज्यात तेव्हा २२ किल्ले आणि नऊ लाखांचा मुलूख असल्याची नोंद आहे. दरबाराला या दिवसाचे महत्त्व इतके वाटले की त्या तारखेपासून जव्हारची स्वतंत्र कालगणना सुरू झाली आणि पुढे पाचशे वर्षांहून जास्त काळ ती राज्याच्या कागदांवर चालू राहिली. एवढ्याशा डोंगरी राज्याने स्वतःचा शक चालवावा ही साधी गोष्ट नव्हे.

तुघलकाने एका कोळी नायकाला राजा का म्हणावे? उत्तर नकाशात आहे. त्याने देवगिरीचे दौलताबाद करून तिथे राजधानी नेली होती. दख्खनच्या पठारावरून उत्तर कोकणच्या बंदरांकडे उतरायचे तर त्र्यंबककडून मोखाड्यामार्गे येणाऱ्या घाटवाटा आणि थळ घाट हेच दरवाजे. या दरवाजांवर फौज ठेवायची तर तिला रसद कुठून पुरवणार? मलेरियाचे रान, चार महिने धो धो पाऊस, उरलेले आठ महिने पाण्याची वानवा. त्यापेक्षा तिथे जो आधीच बसला आहे त्याला किताब देऊन आपला म्हणणे स्वस्त. माझ्या मते जव्हारच्या दीर्घायुष्याचे सूत्र इथेच सापडते. हा डोंगर जिंकता येत होता, पण राखणे परवडत नव्हते. त्यामुळे प्रत्येक नवी सत्ता आली, तिने खंडणी ठरवली, सपाटीवरचा चांगला मुलूख काढून घेतला, आणि डोंगर मुकण्यांकडेच राहू दिला. किनाऱ्यावरच्या पोर्तुगीजांनाही वरच्या या राजाची दखल घ्यावी लागे. त्यांच्या कागदांत तो कोळ्यांचा राजा म्हणून येतो.

गावाच्या वेशीवर शिरपामाळ नावाची मोकळी जागा आहे. तिथे आधी जावे. डिसेंबर १६६३ च्या अखेरीस शिवाजी महाराज सुरतेवर चालून जाताना इथे थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांच्या शिरावर शिरपेच चढवून सन्मान केला, अशी जव्हारची परंपरा सांगते. त्यावरूनच माळाला नाव मिळाले म्हणतात. स्मारक आहे, भगवा आहे, सहलीला आलेली शाळेची पोरे असतात. पण माळाच्या कडेला उभे राहून दिशा समजून घ्यावी. सुरतेचा मोगल सुभेदार दक्षिणेकडच्या किनारी वाटेवर किंवा खानदेशच्या रस्त्यावर डोळा ठेवून असणार. त्र्यंबकजवळून डोंगराच्या अंगाने, रान तुडवत, जव्हारवरून फौज येईल हे त्याच्या हिशेबात बसणारे नव्हते. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेच्या दाराशी प्रकटले, तेव्हा शहरात जी धांदल उडाली तिचे एक कारण ही वाट होती.

हा स्नेह पुढे टिकला नाही. जून १६७२ मध्ये महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी जव्हारवर चाल केली. विक्रमशहा नाशिककडे मोगलांच्या आश्रयाला गेला आणि मराठ्यांच्या हाती सतरा लाखांचा खजिना पडला. जव्हारच्या माहितीफलकांवर शिरपामाळाचा प्रसंग ठळक असतो, हा दुसरा प्रसंग बहुधा नसतो. दोन्ही सांगायला हवेत. मोरोपंतांची स्वारी ही मैत्री विसरल्याची गोष्ट नव्हती. सुरतेकडे जाणारी वाट कायमची हातात असावी ही गरज होती, आणि वाट जव्हारच्या दारातून जात होती. शिवाय सतरा लाख हा आकडा नीट पाहा. आज ज्या तालुक्याचे नाव गरिबीशी जोडले जाते, त्याच्या राजाच्या तिजोरीत साडेतीनशे वर्षांपूर्वी एवढी रक्कम होती. घाटवाटेवरची जकात, सागाचे लाकूड आणि खालच्या सुपीक गावांचा सारा यांतून ती साठली असणार.

पेशव्यांच्या काळात तो सुपीक मुलूख हळूहळू सुटत गेला. इंग्रजी अमलात उरलेले संस्थान सुमारे ३१० चौरस मैलांचे होते आणि त्याला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजे चौथे पतंगशहा यांनी शाळा, दवाखाना, रस्ते यांकडे लक्ष दिले. नगरपालिका १९१८ ची, म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या आज मोठ्या झालेल्या कितीतरी शहरांच्या आधीची.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते आणि स्वातंत्र्यानंतर लोकसभेवर निवडून गेले. गावाबाहेर काजूच्या झाडीत उभा असलेला जयविलास राजवाडा त्यांच्या काळाची आठवण आहे. गुलाबी छटेचा दगड, उंच खांब, घुमट, लांबरुंद व्हरांडे, सगळी घडण पाश्चात्त्य वळणाची. सिनेमावाल्यांना तो फार आवडतो. मला त्याहून गावातला जुना राजवाडा महत्त्वाचा वाटतो, कारण जयविलास कुठल्याही संस्थानात शोभला असता. जुन्या वाड्याभोवतीच्या गल्ल्या, देवळे, बाजारपेठ यांत मात्र राजधानीची मूळ आखणी हाताला लागते. राजा मध्यभागी, व्यापारी त्याच्या दारात, आणि पाडे पठाराच्या कडेकडेने. दसऱ्याचा दरबारी थाट आजही या जुन्या आखणीवरूनच चालतो.

डोंगरावर गाव वसवताना पहिला प्रश्न शत्रूचा नसतो, पाण्याचा असतो. इटलीत ऑर्व्हिएतो नावाचे शहर आहे, जव्हारसारखेच तुटलेल्या कड्यांच्या माथ्यावर. सोळाव्या शतकात पोप सातवा क्लेमेंट तिथे आश्रयाला आला आणि वेढा पडला तर पाणी कुठून, या धास्तीने त्याने खडकात विहीर खोदायला लावली. १५२७ मध्ये सुरू झालेले काम दहा वर्षे चालले. विहीर ५३ मीटर खोल आहे. आत एकमेकींना न भेटणारे दोन गोल जिने आहेत, प्रत्येकाला २४८ पायऱ्या. एका जिन्याने पखाली घेऊन खेचरे उतरत, दुसऱ्याने भरून वर येत. तिथला खडक ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ, खोदायला सोपा. जव्हारच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ आहे. तो खोदायला कठीण, आणि पाणी जिरवून घेण्यात कंजूष. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाराष्ट्रातल्या भरपूर पावसाच्या जागांपैकी ही एक, पण पाणी कातळावरून घसरते आणि दऱ्यांत पडते. पावसाळ्यात लेंढी नदीवरचा दाभोसा धबधबा पाहायला मुंबईची माणसे गाड्या भरून येतात. कड्यावरून कोसळणारा तो पांढरा लोट पाहताना हे लक्षात ठेवावे, की हे पठाराच्या हातून निसटणारे पाणी आहे.

ते जाते कुठे? पठाराच्या एका बाजूचे सूर्येतून धामणीच्या धरणात. तिथून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला, बोईसर-पालघरच्या नळांना, वसई-विरारला. शेजारच्या मोखाड्याच्या बाजूने ते वैतरणेत जाते आणि मध्य वैतरणा, मोडकसागर या जलाशयांतून मुंबईला. बोईसरमधल्या कारखान्यात यंत्र थंड करणारे पाणी जव्हारच्या माथ्यावर पडलेल्या पावसातून आलेले असू शकते. आणि मार्च-एप्रिलमध्ये याच डोंगरातल्या पाड्यांवर बाया दरीत उतरून झऱ्याच्या खळग्यातून वाटी-वाटीने हंडा भरतात, पाड्यावर टँकर कधी येणार याची वाट पाहतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण मराठीत सगळीकडे वापरतात, पण ती अक्षरशः खरी कुठे आहे हे पाहायचे असेल तर उन्हाळ्यात इकडे यावे. शहराला जयसागर धरणाचे पाणी आहे, त्यामुळे पर्यटकाला हे सहसा दिसत नाही. शहराबाहेर चार-पाच किलोमीटर गेले की दिसते.

ज्या उंचीने राज्य राखले, तिनेच पुढे माणसांना मागे ठेवले. राजधानी होती तोवर घाटवाट दारातून जात होती. रेल्वे आली ती किनाऱ्याने, महामार्ग आला तो डोंगराच्या पायथ्याने. व्यापार खाली उतरला, सत्ता ठाण्याला गेली. नागली-वरईची शेती चार महिन्यांची. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे पोरांसकट भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. १९९२ मध्ये दाभोशाच्या बाजूच्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने आणि आजारांनी मुलांचे बळी गेले, तेव्हा जव्हारचे नाव देशभर झाले. त्या बातम्यांनी सरकार हलले, मंत्री आले, योजना सुरू झाल्या. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथे आहे, आणि पतंगशहा कुटीर रुग्णालय अजूनही तालुक्यांच्या पलीकडून येणाऱ्या रुग्णांचा आधार आहे. राजाचे नाव राजवाड्यापेक्षा या रुग्णालयाच्या दारावर जास्त शोभते. प्रश्न मात्र संपलेला नाही. सहलीला आलेल्याने तो टाळून जाऊ नये एवढेच माझे कळकळीचे म्हणणे आहे.

२०१४ मध्ये नवा जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय जव्हारला असावे अशी मागणी जोरात होती. आदिवासींसाठी जिल्हा वेगळा करायचा तर त्याची कचेरी आदिवासी भागातच हवी, हा त्यामागचा विचार. रेल्वेच्या सोयीमुळे मान पालघरला मिळाला. सोय खरीच आहे, पण कोणाची, हा प्रश्न जव्हारच्या चहाच्या टपरीवर आजही निघतो. आपण पालघरहून जव्हारला हौसेने एका दिवसात जाऊन येतो. जव्हारच्या पाड्यावरचा माणूस जातीच्या दाखल्याचे अडलेले प्रकरण घेऊन पालघरला एका दिवसात जाऊन येतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवून येतो.

या डोंगराने जे जपले, त्यात मला सर्वांत मोठा वाटतो तो बोहाडा. जव्हार-मोखाड्याकडच्या गावांत उन्हाळ्याच्या दिवसांत रात्र-रात्र चालणारा हा मुखवट्यांचा उत्सव. त्यासाठी मुद्दाम एक रात्र मुक्काम करावा लागेल, पण तो करावा. मुखवट्याला आणि तो घालून नाचणाऱ्याला इथे सोंग म्हणतात. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत, आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे असतात. जव्हारजवळच्या रामखिंडीत ते करणारे कारागीर आहेत. जवळून पाहिला तर मुखवटा माणसाच्या तोंडापेक्षा बराच मोठा असतो. रंग झगझगीत, डोळे वटारलेले, कडेने मुकुटाची महिरप. आतल्या बाजूला कापडाचा जाड थर असतो, कारण कपाळावर आणि गालफडांवर घासून कातडे सोलवटते. नाचणाऱ्याला मुखवट्यातून नीट दिसत नाही. बुबुळाखालच्या फटीतून पायापुरती जमीन दिसते. डोक्यामागून फडक्याने आवळून बांधलेले ते ओझे सांभाळत त्याला संबळाच्या तालावर पुढे-मागे पावले टाकायची असतात, आणि बाजूला टेंभे धरणारे त्याला वाट दाखवत चालतात.

सोंगांचा क्रम ठरलेला असतो. आधी गणपती, मग मोरावरची शारदा, मग रामायण-महाभारतातली आणि पुराणातली पात्रे. कुठे रावण, कुठे हिडिंबा, नरसिंह, खंडेराव. रस्ता हाच रंगमंच आणि दोन्ही बाजूंना अंगणात, ओट्यावर, झाडाखाली बसलेले गाव हेच प्रेक्षागृह. बरीच सोंगे विशिष्ट घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. बापाने नाचवलेला देव मुलगा नाचवतो. शहरात नोकरीला गेलेला मुलगा त्या रात्रीपुरता परत येतो. शेवटच्या रात्री, पहाट होता होता, देवी आणि महिषासुराची लढाई होते. तोवर लहान मुले आईच्या मांडीवर झोपलेली असतात. त्यांना हलवून उठवतात, कारण देवीने महिषासुर मारलेला प्रत्येकाने पाहिला पाहिजे.

वारली चित्रे आज जगभर पोहोचली. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि तांदळाच्या पिठाच्या त्या रेघा विमानतळांच्या भिंतींवर गेल्या. बोहाड्याचे मुखवटे तसे दूर जाऊ शकत नाहीत, कारण नाचणारा, संबळ आणि रात्र यांच्यापासून वेगळे काढले की ते भिंतीवरची शोभेची वस्तू होतात. त्यांच्यासाठी डोंगर चढूनच यावे लागते.

दुपार कलली की हनुमान पॉइंटवर जाऊन यावे. खाली खोल दरी आहे आणि हवा स्वच्छ असेल तर दूर शहापूरकडचा माहुली दिसतो. मग दिवसातला शेवटचा तास सनसेट पॉइंटसाठी ठेवावा. इथली दरी धनुष्याच्या आकाराची, म्हणून तिला पूर्वी धनुकमळ म्हणत. पश्चिमेकडे पाहत राहिले तर डोंगरांच्या रांगेत एक सुळका वेगळा उठून दिसतो. तो डहाणूच्या महालक्ष्मीचा डोंगर. किनाऱ्यावरची आणि डोंगरावरची सगळी माणसे तिला मानतात. चैत्र पौर्णिमेच्या जत्रेत मध्यरात्री त्या सुळक्यावर ध्वज चढतो. वाघाडी गावच्या पुजारी घराण्यातला माणूस अंधारात, अवघड चढणीने एकटा वर जाऊन तो लावतो. आणि तो ध्वज येतो जव्हारच्या मुकणे घराण्याकडून. संस्थान विलीन होऊन पाऊण शतक उलटले, किल्ले कधीच गेले, मुलूख गेला. डोंगराच्या राजाने पायथ्याच्या देवीला ध्वज पाठवायचा ही रीत चालू आहे.

परतीची वाट त्याच डोंगराकडे उतरते. कासा परिसरात सूर्या नदी भेटते आणि चारोटी नाक्यावर महामार्ग लागतो. चारोटीहून थोडे उत्तरेला विवळवेढ्याला देवीचे देऊळ आहे. जत्रेचे दिवस नसतील तर दर्शन पाच मिनिटांत होते, आणि तिथून बोईसर-पालघरकडे यायला रात्री उशिरापर्यंत गाड्यांची वर्दळ असते. जव्हारहून निघणाऱ्या एसटीच्या वेळा मात्र सकाळी उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवाव्यात, कारण संध्याकाळनंतर डोंगरावरून खाली येणाऱ्या गाड्या कमी असतात.